ड्रॉप सी वाजवायचंय? बासच्या तारा घेण्याआधी एवढं करा

बँडमधला गिटारवाला एके दिवशी जाहीर करतो, "आता आपण ड्रॉप सीमध्ये वाजवायचं." म्हणजे सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत खाली उतरवून. त्याचं काय, गिटारचा जाड सेट कुठेही मिळतो, किंमतही फार नाही. अर्ध्या तासात तारा चढवून तो मोकळा. गोची होते बासवाल्याची. खुंटी सैल करून आहे तीच तार सी पर्यंत उतरवली, तर ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) लोळायला लागते, सूर डगमगतो आणि अँपमधून नुसतं गुरगुरणं ऐकू येतं. मग कुणीतरी सांगतं, "जाड तार टाक की." ते खरंच आहे. पण किती जाड, कुठली, आणि ती आपल्या बासवर बसेल का, हे सांगणारा माणूस सोलापुरात सहज सापडत नाही. म्हणून हा लेख.

मी चार तारांचा, ३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) बास धरून चाललोय, कारण बहुतेकांकडे तोच असतो. पाच तारांचा बास असेल तर तुमची अर्धी अडचण आधीच सुटलेली आहे. तुम्ही क्रमांक ५ पासून वाचलं तरी चालेल.

१. नेमकं किती खाली जायचंय ते ठरवा

"लो ट्यूनिंग" एवढ्यावर तारा घेता येत नाहीत. सुराचं नाव हवं. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बासच्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी अशा असतात. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सगळ्यात जाड ई साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. तिथून खाली येण्याचे नेहमीचे टप्पे असे:

- हाफ स्टेप खाली: चारही तारा अर्ध्या पट्टीने उतरवलेल्या. गायकाच्या सोयीसाठी ऑर्केस्ट्रावाले हेच करतात.
- ड्रॉप डी: फक्त ई तार डी वर, बाकीच्या जागच्या जागी.
- डी स्टँडर्ड: चारही तारा एकेक पूर्ण पट्टी खाली. डी, जी, सी, एफ.
- ड्रॉप सी: सी, जी, सी, एफ. सगळ्यात जाड तार दोन पट्ट्या खाली, बाकीच्या एक.
- सी स्टँडर्ड: चारही तारा दोन पट्ट्या खाली. सी, एफ, ए शार्प, डी शार्प.
- बीईएडी: बी, ई, ए, डी. म्हणजे पाच तारांच्या बासच्या खालच्या चार. बी जवळपास ३१ हर्ट्झ.

गिटारवाल्याला विचारताना "ड्रॉप सी की सी स्टँडर्ड?" असा थेट प्रश्न करा. दोन्हीला लोक सर्रास "सी ट्यूनिंग" म्हणतात आणि दोन्हीच्या तारा वेगळ्या लागतात.

एकदा ठरलं की निदान वर्षभर तेच ठेवा. आज ड्रॉप सी, उद्या लग्नाच्या कार्यक्रमात नेहमीचं ट्यूनिंग, परवा पुन्हा ड्रॉप सी, असं एकाच बासवर करायचं असेल तर कुठल्याच तारा धड लागणार नाहीत. दोन्ही कामं नियमित असतील तर सरळ जुना दुसरा बास बघा.

२. ताणाचं गणित, एकदाच

हातात जाणवतो तो ताण. ताण सुराच्या हर्ट्झच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून सूर थोडाच खाली आला तरी तार बरीच सैल पडते. तीच तार ठेवून नुसती खुंटी फिरवली तर:

हाफ स्टेपला ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. पूर्ण स्टेपला २१ टक्के. ई वरून सी वर आलात तर ३७ टक्के, आणि बी पर्यंत गेलात तर ४४ टक्के. १०५ गेजची (जाडीची) ई तार ३४ इंची बासवर साधारण १८ किलो ताणावर असते. तीच सी वर आणली की ११ किलोच्या आसपास उरतात. लोळणार नाही तर काय!

आता उलटा हिशोब. तोच ताण टिकवायचा तर दर हाफ स्टेपला तार साधारण ६ टक्के जाड हवी. म्हणजे ई ला १०५ असेल तर डी ला ११८, सी ला १३२ आणि बी ला १४०. बाजारात अगदी याच आकड्यांच्या तारा मिळत नाहीत, मिळायला हव्यात असंही नाही. पाच तारांच्या सेटमधली बी तार बहुतेकदा १३० असते. ती थोडी मऊ लागते आणि जगभर लोक त्यावरच वाजवतात.

हा गेजचा आकडा म्हणजे इंचाचे हजारावे भाग. १०५ म्हणजे ०.१०५ इंच, मिलिमीटरमध्ये सुमारे २.६७. घरात यंत्रमाग असलेल्यांनी इथे जरा सावध राहा. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो, पण तारेचा गेज वाढला की तार जाड होते.

३. तारा मागवण्याआधी बास मोजा

मोजपट्टी घ्या आणि चार गोष्टी कागदावर लिहून काढा.

स्केल: नटपासून (मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. १७ इंच आलं तर ३४ चा बास. १५ आलं तर ३० इंची शॉर्ट स्केल. शॉर्ट स्केलवर तीच तार, त्याच सुरात, २२ टक्के सैल लागते. अशा बासवर ड्रॉप डी च्या खाली जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत. जाड तार टाकून ताण मिळेलही, पण आवाज लाकडी ठोकळ्यासारखा येतो.

नटची खाच: नेहमीच्या बासच्या ई ची खाच १०५ साठी कापलेली असते. ११० बहुधा बसते. १३० बसत नाही, वरच अडकून राहते.

खुंटीचं भोक: तारेचं टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घालायचं असतं. १३० ची तार सव्वातीन मिलिमीटरच्याही वर असते. भोकात ३ मिमीचं ड्रिल बिट जेमतेम जात असेल, तर शेपटाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या तारा शोधा.

ब्रिज (खालच्या टोकाला तारा अडकवायचा धातूचा भाग): तारेच्या शेवटचा पितळी गोळा आणि त्यामागची जाडी मागच्या भोकातून जाते का? तारा शरीरातून आरपार जाणारा बास असेल तर जास्त लांबीचा सेट लागतो. नाहीतर दोऱ्याने गुंडाळलेला भाग नेमका नटवर किंवा खाडीवर (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा) येतो आणि आवाज बसतो.

४. ट्यूनिंगप्रमाणे गेज

इथेच सगळे अडखळतात, म्हणून सविस्तर लिहितो. खालचे आकडे बारीक तारेकडून जाडीकडे आहेत.

हाफ स्टेप खाली: काही विकत घेऊ नका. तुमच्या ४५-६५-८५-१०५ वर आरामात चालतं. फार मऊ वाटलं तर पुढच्या वेळी ५०-७०-८५-१०५ घ्या. डॅडॅरिओ कंपनीचा ईएक्सएल १६० आणि अर्नी बॉल कंपनीचा रेग्युलर स्लिंकी बास दोन्ही याच मापाचे आहेत.

ड्रॉप डी: इथेही अख्खा सेट बदलायची गरज नाही. बदलतेय ती एकच तार. आहे त्या सेटवर ई च्या जागी ११० किंवा ११५ ची सुटी तार चढवा. सुटी मिळाली नाही तर १०५ वरही निभतं, फक्त उजव्या हाताचा जोर थोडा कमी ठेवायचा.

डी स्टँडर्ड: सरसकट जाड सेट लागतो. ५५-७५-९०-११० हा सेट सगळ्यात सहज मिळतो (अर्नी बॉलचा पॉवर स्लिंकी, डॅडॅरिओचा ईएक्सएल २३०). बारीक तारा जरा कडक लागतील आणि जाड तार किंचित मऊ. माझी पसंती मात्र डॅडॅरिओच्या बॅलन्स्ड टेन्शन सेटला, ५०-६७-९०-१२०. नावाप्रमाणे चारही तारांचा ताण जवळपास सारखा राहतो आणि जाड तार इतरांपेक्षा मऊ पडत नाही.

ड्रॉप सी: सगळ्यात अवघड हेच, कारण जाड तार दोन पट्ट्या उतरते आणि बाकीच्या एकच. पाच तारांचा सेट आणून खालच्या चार चढवायचं इथे मुळीच मनात आणू नका. त्यातली १०५ तुम्हाला जी वर चढवावी लागेल, म्हणजे तिच्या नेहमीच्या ई पेक्षा दीड पट्टी वर, आणि ताण चाळीस टक्क्यांनी वाढेल. मान वाकेल, बोटं सोलतील. त्यापेक्षा दोन रस्ते आहेत. एक, वरचाच ५०-१२० चा सेट. १२० ची तार सी वर थोडी मऊ पडते, पण पाच तारांच्या बासवरची बी वाजवलेल्या माणसाला ती नेहमीचीच वाटेल. दुसरा, ५०-७० च्या सेटमधल्या वरच्या दोन तारा, ए च्या जागी ९५ आणि सगळ्यात खाली १३० सुटी. दुसऱ्या रस्त्याला पैसे जास्त जातात, पण पिकने जोरात मारणाऱ्यांसाठी तोच बरा.

सी स्टँडर्ड आणि बीईएडी: आता मात्र पाच तारांचा सेट. ४५-६५-८५-१०५-१३० असा आणा, ४५ ची तार जपून ठेवा आणि बाकीच्या चार चढवा. बीईएडीसाठी त्या त्यांच्या जन्माच्या सुरातच असतात. सी स्टँडर्डसाठी अर्धी पट्टी वर ओढायच्या, म्हणजे बी चा मऊपणाही जातो. चारच तारांचे असे तयार सेटही कंपन्या विकतात. डीआरची ड्रॉप डाउन ट्यूनिंग ही मालिका खास याच कामाची आहे.

बी च्याही खाली, ए वर जायचं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला ३५ इंची, पाच तारांचा बास घ्यायला सांगा. ३४ वर ते सूर स्वच्छ काढणं म्हणजे हट्ट आहे.

५. धातू आणि वळण

थोडक्यात: लो ट्यूनिंगला राउंडवाउंडच (वरून गोल तार गुंडाळलेल्या) घ्या. फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) गुळगुळीत आणि सुरेख असतात, पण खालच्या सुरात बोथट होतात आणि डिस्टॉर्शनच्या गिटारपुढे ऐकूच येत नाहीत. निकेल प्लेटेड स्टील हा मधला मार्ग. स्टेनलेस स्टीलला धार जास्त, खालचे सूर ओळखू येतात, पण फ्रेट लवकर झिजतात. कोटेड (वर पातळ थर दिलेल्या) तारा महाग, मात्र घाम खूप येणाऱ्याला परवडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये प्रॅक्टिस असते, तारा महिन्याभरात मेल्यासारख्या होतात. कोटेड नसतील तर वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. त्या फडक्याला टॉवेल-चादरींच्या गावात तोटा नाही.

६. आणायच्या कुठून

नवी पेठेत किंवा आसपास वाद्यांच्या दुकानात चौकशी केली की संवाद साधारण असा होतो:

"काका, बासच्या तारा आहेत का?"

"हायत की. गिटारच्या का बासच्या?"

"बासच्या. पाच तारांचा सेट, नाहीतर सुटी १३०."

"पाचचा कुणी मागतच नाही ओ. चारचा घेऊन जावा, सगळ्याला बसतो."

सगळ्याला बसत नाही, हे तुम्ही वर वाचलंय. पण काकांवर रागावू नका, त्यांच्याकडे गिऱ्हाईक पेटी, तबला आणि सहा तारांच्या गिटारचं. आगाऊ पैसे देऊन नेमका मॉडेल नंबर लिहून दिलात तर पुण्याहून मागवून देणारे दुकानदार असतात. नंबर कागदावर लिहूनच द्या. तोंडी "जाड पाहिजे" सांगितलं तर ५०-१०५ हातात पडेल.

स्वतः पुण्याला किंवा हैदराबादला चक्कर होत असेल तर तिथून आणणं उत्तम, कारण सुट्या तारा मोठ्या दुकानातच दिसतात. जाताना बास नेला तर खुंटीत तार जाते का तेही तिथेच कळतं.

ऑनलाइन मागवताना तीन गोष्टी बघा. पाकिटावर लाँग स्केल लिहिलेलं आहे ना. विकणारा कोण आहे, कारण नामांकित तारांच्या नकला सर्रास फिरतात; किंमत अर्ध्यावर दिसली की सोडून द्या. डॅडॅरिओच्या पाकिटात नोंदणीचा कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून माल अस्सल आहे का ते कळतं. आणि तिसरं, आतली पिशवी फोडण्याआधी गेज वाचा. फोडलेल्या तारा कुणी परत घेत नाही.

७. हाताशी काय लागेल

- मजबूत पक्कड किंवा वायर कटर. नेलकटरचं काम नाही.
- अॅलन कीचा सेट, मिलिमीटर आणि इंच दोन्ही मापांचा.
- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ब्रिजसाठी.
- स्टीलची छोटी मोजपट्टी.
- ट्यूनर.
- जुनी राउंडवाउंड तार आणि बारीक पॉलिश पेपर, नटच्या खाचेसाठी. नट फाइल मिळाली तर सोन्याहून पिवळं.
- व्हिजिटिंग कार्ड.

८. तारा चढवणं

तार ब्रिजमधून ओवून खुंटीपर्यंत ताणून धरा. आपल्या खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटिमीटर ठेवायची आणि तिथे पक्कडीने काटकोनात दुमडायची. दुमडल्यावर, दुमडीच्या पुढे कापायची. सरळ तार कापली तर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावरून सुटतं, तार चढते, पण तिचा आवाज पहिल्या दिवसापासून मेलेला असतो. दोन-तीन हजारांची वस्तू, एका चुकीच्या कापाने गेली.

टोक भोकात घाला, दोन ते तीन वेढे खालच्या दिशेने येऊ द्या. सुरात आणताना "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत चिमटली गेलीय. तार उतरवा. जुन्या जाड तारेभोवती पॉलिश पेपर गुंडाळून खाच दोन्ही बाजूंनी रुंद करा, तळाला हात लावू नका. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासायला लागते आणि मग नटच बदलावा लागतो. चार-पाच वेळा घासा, तार ठेवून बघा, पुन्हा घासा. घाई नको.

सुरात आल्यावर नटच्या आणि ब्रिजच्या अगदी लगत अंगठ्याने तार हलकेच दाबा. जाड तार तिथे कमानीसारखी उभी राहते, ती बसली की सूर आपोआप स्वच्छ होतो. हे दाबणंच लोक विसरतात.

९. मान, उंची, इंटोनेशन

नव्या ताणाने मान हलते. रात्रभर बास सुरात ठेवून द्या, सकाळी तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड हलकेच सरकलं पाहिजे, म्हणजे ०.३ ते ०.४ मिमी. लो ट्यूनिंगमध्ये तार जास्त झुलते, म्हणून ०.४ कडे झुकलेलं बरं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली लोखंडी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, फटच नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. अॅलन की सैल बसत असेल तर जबरदस्ती करू नका. ट्रस रॉडच्या इंची बोल्टमध्ये मिलिमीटरची की फिरवून कोपरे गोल झाले की पुढचं काम पुण्यातच होतं. गावात पेटी दुरुस्त करणारे कसबी कारागीर आहेत, पण त्यांच्याकडून ट्रस रॉड फिरवून घेण्याचा आग्रह धरू नका.

उंची बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा. पिकअपही थोडे खाली घ्या. सैल तार झुलून चुंबकाच्या जवळ आली की सूर विचित्र डुलतो.

मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, वर नुसतं बोट टेकवून) वाजवा, तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर वर असेल तर खाडी मागे, खाली असेल तर पुढे. जाड तारेची खाडी बहुतेक वेळा पार मागे न्यावी लागते आणि स्प्रिंग आडवी येते. स्प्रिंग काढा, अर्धी कापून परत बसवा.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेलं की लाकूड दमट होतं आणि मान पुन्हा पुढे वाकते. जूनच्या अखेरीस कार्ड घालून एकदा तपासा. आणि मेमध्ये बास बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

१०. ट्यूनर आणि अँप

मोबाइलच्या माइकला ३०-३५ हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, काटा नाचत राहतो. जाड तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवून सूर लावा, तो वरच्या सप्तकात येतो आणि कुठलाही ट्यूनर पकडतो. वायर लावून चालणारा पेडल ट्यूनर असेल तर प्रश्नच नाही. सूर नेहमी खालून वर चढवत लावा. वर गेला तर आधी पुरता उतरवा आणि परत चढवा, नाहीतर खुंटीतली ढिलाई पहिल्या गाण्यात सूर उतरवते.

आठ इंची स्पीकरच्या छोट्या अँपवर सी चा खरा तळ ऐकू येत नाही, येतात ते वरचे हार्मोनिक्स. म्हणून घरी बेसचं बटण पूर्ण फिरवून स्पीकर फाडण्यात अर्थ नाही. बेस थोडा कमी, मिड थोडे वर ठेवा. कार्यक्रमाला मोठ्या सिस्टिमवर वाजवताना साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की बास सी पर्यंत उतरतो. गणपतीच्या मांडवात सबवूफर उघडेच असतात, आणि पहिल्याच सुराला कापडी भिंती थरथरल्या की तो वैतागून तुमचा आवाजच बंद करतो.